परवाना त्यांनी दाखवायचा नसतो, आपण शोधायचा असतो

वाचकांच्या पत्रांत आणि फोनवर एकच प्रश्न सध्या पुन्हा पुन्हा येतोय. 'कंपनीनं सेबीचं सर्टिफिकेट पाठवलंय. त्यावर नोंदणी क्रमांक आहे. तो क्रमांक मी सेबीच्या साइटवर टाकून पाहिला, सापडला. आता पैसे टाकायला हरकत नाही ना?' विचारणारी माणसं अडाणी नसतात. कुणी बँकेतून निवृत्त झालेलं असतं, कुणी तीस वर्षं गणित शिकवलेलं असतं, कुणी हिंजवडीत सॉफ्टवेअर लिहीत असतं.

हरकत आहे. अशा प्रकरणांत क्रमांक बहुतेकदा खराच असतो, फक्त तो पाठवणाऱ्याचा नसतो. एखाद्या नोंदणीकृत ब्रोकरचं प्रमाणपत्र, लोगो, पत्ता, संचालकांची नावं हे सगळं उघड उपलब्ध असतं. ते उचलायचं आणि त्याच नावानं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, अ‍ॅप आणि बँक खाती उघडायची, एवढंच काम.

मध्यंतरी आमच्या शेजारच्या सोसायटीतले एक काका फोन घेऊन आले. एसटीतून निवृत्त, हिशेबाला पक्के. अ‍ॅप उघडून दाखवलं. वर हिरव्या ठळक आकड्यांत ४१ लाख ८० हजार. त्यांनी घातलेले नऊ लाख दहा हजार. 'फक्त टॅक्स भरायचा राहिलाय, चार लाख साठ हजार. तो भरला की सगळी रक्कम खात्यात.' त्यासाठी काकूंच्या पाटल्या मोडायचं घरात ठरलंही होतं. मी विचारलं, 'डिमॅट खातं कुणाकडे आहे?' काका म्हणाले, 'अ‍ॅपमध्येच आहे की.'

पुढचं सगळं त्या उत्तराला धरून लिहितोय.

आधी विचारा: हे नेमकं काय करतायत?

'सेबी रजिस्टर्ड' हा एकच एक परवाना नाही. कामानुसार नोंदणी वेगळी असते, आणि एका कामाच्या नोंदणीवर दुसरं काम करता येत नाही. म्हणून समोरच्याचं काम आधी ओळखा.

- शेअर खरेदी-विक्री करून देणारा: स्टॉक ब्रोकर. सेबीचा नोंदणी क्रमांक 'आयएनझेड' या अक्षरांनी सुरू होतो.
- फी घेऊन तुमच्या परिस्थितीनुसार सल्ला देणारा: गुंतवणूक सल्लागार, 'आयएनए'.
- अमुक घ्या, तमुक विका असे 'कॉल' देणारा: रिसर्च अ‍ॅनालिस्ट, 'आयएनएच'.
- तुमचे पैसे घेऊन तुमच्या वतीनं गुंतवणारा: पोर्टफोलिओ मॅनेजर, 'आयएनपी'. इथे किमान गुंतवणूक ५० लाख रुपये आहे. त्यामुळे 'दोन लाख द्या, आम्ही मॅनेज करतो' म्हणणारा माणूस क्रमांक न पाहताही बाद होतो.
- म्युच्युअल फंड विकणारा: अ‍ॅम्फीचा 'एआरएन' क्रमांक.
- ठेव घेऊन ठरलेलं व्याज देणारा: बँक, किंवा ठेवी घेण्याची खास परवानगी असलेली वित्त कंपनी. इथे सेबीचा संबंध नाही, रिझर्व्ह बँकेचा आहे.

आता ज्यांना परवाना समजण्याची चूक होते ते कागद. कंपनी निबंधकाकडची नोंदणी, जीएसटी क्रमांक, 'उद्यम' प्रमाणपत्र, आयएसओ, शॉप अ‍ॅक्टचा दाखला. यांतला कुठलाही कागद लोकांचे पैसे गुंतवायला घेण्याची परवानगी देत नाही. चहाच्या टपरीलाही यांतले दोन-तीन मिळतात. एखाद्या दूरच्या बेटावरच्या देशातली नोंदणी चमकदार अक्षरांत दाखवतात, तीही इथे चालत नाही.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना समान. नोंदणीकृत ब्रोकर, सल्लागार किंवा अ‍ॅनालिस्ट शेअर बाजारात ठरावीक परताव्याची हमी देऊच शकत नाही, त्याला तशी बंदी आहे. 'महिन्याला पाच टक्के फिक्स' हे शब्द ऐकलेत की परवाना तपासायचे कष्टही घेऊ नका.

तपासणी आपल्या बाजूनं

माझं सगळं सांगणं एवढंच आहे की त्यांनी पाठवलेल्या लिंकवर, क्रमांकावर, पीडीएफवर काहीही तपासायचं नाही. तपासणीची सुरुवात तुमच्या बाजूनं व्हायला हवी.

1. सेबीच्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करा. गुगलवर शोधून पहिल्या जाहिरातीवर टिचकी मारू नका. तिथे मान्यताप्राप्त मध्यस्थांची, म्हणजे 'रेकग्नाइज्ड इंटरमीडियरीज'ची यादी आहे.
2. यादीत कंपनीचं नाव शोधा. नोंदणी क्रमांकाबरोबर पत्ता, ईमेल आणि दूरध्वनीही दिलेला असतो. तो कागदावर उतरवून घ्या.
3. त्या यादीतल्या क्रमांकावर फोन करा आणि विचारा: 'तुमच्या नावानं अमुक ग्रुप चालतोय, अमुक माणूस तुमचा आहे का?' ही पायरी जवळजवळ प्रत्येक जण गाळतो, आणि फसवणूक पकडली जाते ती इथेच. काकांनी मोडायच्या पाटल्या वाचल्या त्या या एका फोनमुळे. पलीकडच्या बाईंनी कंटाळलेल्या आवाजात सांगितलं, 'आमचा असा कुठलाही ग्रुप नाही. आज तुमचा चौथा फोन.'
4. ग्रुपवर आलेल्या लिंकवरून अ‍ॅप उतरवू नका. ब्रोकरच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. प्ले स्टोअरवर दिसलं म्हणजे खरं, असंही नाही.

शंका राहिली तर सेबीची मोफत हेल्पलाइन आहे: १८०० २६६ ७५७५ आणि १८०० २२ ७५७५.

पैसे कुणाच्या नावावर जातायत?

काकांनी पासबुक आणलं होतं. पाच वेळा पैसे पाठवलेले: दहा हजार, पन्नास हजार, दीड लाख, तीन लाख, चार लाख. पाचही वेळा खातं वेगळं. एक कुठल्याशा 'एंटरप्रायजेस'चं, एक 'ट्रेडर्स', एक कापड दुकान वाटावं असं नाव, आणि दोन चक्क माणसांची नावं, दोन वेगवेगळ्या राज्यांतली. ग्रुपवरच्या मॅडमनी कारण दिलं होतं, 'सर, आमच्या खात्याची आजची मर्यादा संपलीय, हे आमच्या पार्टनरचं खातं.' काकांना तेव्हा ते पटलं होतं.

ही खाती भाड्याची असतात. कॉलेजची मुलं, रोजंदारीवरची माणसं काही हजारांसाठी आपलं खातं आणि सिमकार्ड वापरायला देतात. ब्रोकरकडे पैसे पाठवताना समोर ब्रोकरचंच नाव दिसायला हवं, अक्षर न् अक्षर तेच. दुसरं नाव दिसलं की तिथेच थांबा. कारण काहीही सांगोत.

१ ऑक्टोबर २०२५पासून एक बरी सोय झाली आहे. गुंतवणूकदारांकडून पैसे घेणाऱ्या नोंदणीकृत संस्थांना सेबीनं खास यूपीआय पत्ते दिलेत. त्या पत्त्याच्या शेवटी 'व्हॅलिड' हा शब्द आणि बँकेचं नाव जोडलेलं असतं. आधीच्या भागात ब्रोकर असेल तर 'बीआरके' आणि म्युच्युअल फंड असेल तर 'एमएफ' अशी खूण असते. पैसे पाठवताना हिरव्या त्रिकोणात उंचावलेला अंगठा दिसतो. शिवाय 'सेबी चेक' ही सुविधा सेबीच्या संकेतस्थळावर आणि 'सारथी' अ‍ॅपवर आहे. त्यात यूपीआय पत्ता किंवा बँक खात्याचा तपशील टाकला की तो खरोखर नोंदणीकृत संस्थेचा आहे का ते कळतं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

शेअर खरंच घेतलेत का?

भारतात शेअर दोनच ठिकाणी राहतात, एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिपॉझिटरीत. अ‍ॅपमध्ये शेअर 'राहत' नाहीत, अ‍ॅपमध्ये फक्त दिसतात. खरेदी खरी असेल तर चार गोष्टी आपोआप घडतात:

- व्यवहारानंतर २४ तासांत ब्रोकरकडून कॉन्ट्रॅक्ट नोट येते;
- एक्स्चेंजकडून व्यवहाराचा एसएमएस किंवा ईमेल येतो;
- शेअर तुमच्या नावच्या डिमॅट खात्यात जमा होतात;
- तुमच्या पॅनवर निघणाऱ्या एकत्रित खातेपत्रकात, म्हणजे 'कॅस'मध्ये, ते दिसतात.

काकांकडे यांतलं काहीच नव्हतं. डिमॅट खातंच नव्हतं. ४१ लाखांचे शेअर आणि कॅस कोरं, हा मेळ बसवायला शेअर बाजार कळावा लागत नाही. तुमचं कुठे चालू असेल तर आजच कॅस मागवा. पैसे अडकलेल्यांनी तर सगळ्यात आधी.

'पाच हजार काढून पाहिले, आले!'

बहुतेकांचा विश्वास इथे बसतो. सुरुवातीला थोडे पैसे काढून बघायचे, खात्यात आले की मोठी रक्कम टाकायची. माणसाला वाटतं, आपण सावधपणे चाचणी घेतली. पण ही चाचणी फसवणाऱ्यांच्या वेळापत्रकातच धरलेली असते. पाच हजार सोडले की पाच लाख येतात हा त्यांचा धंद्यातला खर्च आहे.

यातली दुसरी अडचण फारसं कुणी सांगत नाही. तुम्हाला आलेले ते पाच हजार नफ्याचे नसतात, दुसऱ्या एखाद्या फसलेल्या माणसाचे असतात. त्यानं तक्रार केली की पोलीस पैशांचा माग काढत निघतात आणि ती साखळी तुमच्या खात्यापर्यंत येते. तेवढी रक्कम, कधी सगळं खातंच, गोठवलं जातं. पेन्शनचं खातं का बंद पडलं म्हणून बँकेत गेलेल्या माणसाला कळतं की दुसऱ्या राज्यातल्या कुठल्या तरी सायबर पोलीस ठाण्याचं पत्र आहे. अशा वेळी बँकेकडून तक्रारीचा क्रमांक आणि पोलीस ठाण्याचा तपशील लेखी मागा, आणि आपणही त्याच टोळीकडून फसलो आहोत हे पुराव्यानिशी त्या ठाण्याला कळवा. गप्प बसलात तर संशय तुमच्यावर राहतो.

ग्रुपवरची बोली ओळखा

ग्रुपमध्ये एक 'सर' किंवा 'प्रोफेसर' असतात. एक नम्र सहायक मॅडम असतात, त्या रोज सकाळी गुड मॉर्निंग म्हणतात आणि तुमच्या गुडघ्याचं कसं आहे हेही विचारतात. दीडशे-दोनशे सदस्य असतात. त्यातले खरे किती, हे आजवर मला कुणी सांगू शकलेलं नाही. नफ्याचे स्क्रीनशॉट दर तासाला पडतात. ग्रुपवर ही चार वाक्यं आली की समजून जा:

- 'आमचं इन्स्टिट्यूशनल खातं आहे, त्यातून तुम्हाला ट्रेड करता येईल.' विदेशी पोर्टफोलिओ गुंतवणूकदारांचा, एफपीआयचा मार्ग भारतात राहणाऱ्या सामान्य माणसासाठी नाही. सेबीनं फेब्रुवारी २०२४मध्ये याच बतावणीबद्दल जाहीर इशारा दिला होता.
- 'आयपीओ सवलतीत, अलॉटमेंट नक्की.' सवलत असलीच तर ती प्रॉस्पेक्टसमध्ये जाहीर असते. किरकोळ गुंतवणूकदाराचा आयपीओचा अर्ज बँकेतून किंवा यूपीआयवरून होतो, आणि वाटप होईपर्यंत पैसे तुमच्याच खात्यात अडवून ठेवलेले असतात. कुणाच्या खात्यात पाठवावे लागत नाहीत. 'तुम्हाला जास्त शेअर लागले, आता उरलेले पैसे भरा, नाहीतर कायदेशीर कारवाई' ही धमकी याच प्रकाराची पुढची पायरी.
- 'ब्लॉक डीलमधून अप्पर सर्किटचा शेअर.' ब्लॉक डील कोट्यवधींच्या असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर वाटल्या जात नाहीत.
- 'घरी सांगू नका, इनसायडर माहिती आहे.' हे वाक्य ऐकल्यावर आधी घरी सांगा.

'टॅक्स भरा, मग पैसे काढा'

काकांची गाडी इथे अडली होती, आणि बहुतेकांची इथेच अडते. तेव्हा स्वच्छ सांगतो. भारतात राहणाऱ्या माणसाला सूचीबद्ध शेअर विकून झालेल्या नफ्यावर ब्रोकर कर कापत नाही आणि मागतही नाही. हा कर तुम्ही स्वतः, तुमच्या पॅनवर, प्राप्तिकर खात्याकडे भरता, आगाऊ कर म्हणून किंवा विवरणपत्राच्या वेळी. ब्रोकरेज, एसटीटी हा व्यवहारावरचा कर वगैरे किरकोळ रकमा कॉन्ट्रॅक्ट नोटमध्येच वळत्या होतात. आणि क्षणभर धरून चाला की कुणाला काही घ्यायचंच आहे. मग खात्यातल्या ४१ लाखांतून साडेचार कापून उरलेले का देत नाहीत? काकांनी हा प्रश्न ग्रुपवर विचारला. त्यांना 'नियमानुसार शक्य नाही' असं उत्तर आलं आणि पाठोपाठ रिझर्व्ह बँकेच्या नावाचं एक पत्र आलं. शिक्का गोल होता, मराठीत चुका होत्या.

टॅक्सनंतर 'व्हेरिफिकेशन फी' येते, मग 'मनी लाँडरिंग क्लिअरन्स', मग 'क्रेडिट स्कोअर दुरुस्ती'. पैसे संपेपर्यंत यादी संपत नाही.

फॉरेक्स, क्रिप्टो, डब्बा, क्लास

थोडक्यात.

*फॉरेक्स अ‍ॅप.* भारतात राहणाऱ्याला परकीय चलनाचे व्यवहार फेमा कायद्यानुसार अधिकृत व्यक्तींशी आणि मान्यताप्राप्त एक्स्चेंजवर किंवा रिझर्व्ह बँकेनं परवानगी दिलेल्या मंचांवरच करता येतात. रिझर्व्ह बँकेनं अनधिकृत फॉरेक्स मंचांची सावधगिरी यादी सप्टेंबर २०२२पासून प्रसिद्ध केली आहे आणि तीत नावं वाढत जातात. यादीत नाव नाही म्हणजे परवानगी आहे, असं मात्र नाही. आणखी एक खाच: इथे फसवणूक झालीच नाही, नफा खरोखर मिळाला, तरी कायदा मोडल्याचा दोष तुमच्याकडे येऊ शकतो.

*क्रिप्टो.* सरकार नफ्यावर ३० टक्के कर घेतं आणि व्यवहारावर १ टक्का टीडीएस कापला जातो, म्हणून क्रिप्टोला सेबीचं संरक्षण आहे असा अनेकांचा समज आहे. तसं नाही. अशा मंचांना मार्च २०२३पासून फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंद करावी लागते, पण ती काळ्या पैशावर नजर ठेवण्यासाठी आहे, तुमच्या पैशांच्या हमीसाठी नाही.

*डब्बा ट्रेडिंग.* गावात ओळखीचा माणूस वहीत सौदे लिहितो, आता अ‍ॅपवर लिहितो. एक्स्चेंजपर्यंत काहीच पोचत नाही. बेकायदा आहे, आणि बुडालात तर एक्स्चेंजच्या तक्रार यंत्रणेचं दार तुमच्यासाठी बंद असतं.

*क्लास.* शिकवायला परवाना लागत नाही, सल्ला द्यायला लागतो. बाजार चालू असताना चालू भावावर 'हा घ्या' सांगितलं की ती शिकवणी उरत नाही. सेबीच्या जानेवारी २०२५च्या परिपत्रकानं शिकवणाऱ्यांना गेल्या तीन महिन्यांतले भाव वापरायलाही मनाई केली होती. क्लासवाल्याकडून हे विचारून घ्या. उत्तराच्या तऱ्हेवरूनच बरंच कळतं.

परदेशातल्या मुलामुलींनी आपापल्या देशातली यंत्रणा पाहावी. ब्रिटनमध्ये एफसीए नोंदणी वही आणि इशारा यादी दोन्ही ठेवतं, सिंगापूरमध्ये एमएएसची यादी आहे, अमेरिकेत फिन्राची 'ब्रोकरचेक' आहे.

फसलात, तर पहिला तास

लाज, राग, घरच्यांना काय सांगू, हे सगळं उद्यावर टाका. पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या खात्यात काही तासांत जातात आणि मग एटीएममधून निघतात किंवा क्रिप्टोत बदलले जातात. तोवरच ते अडवता येतात.

1. १९३० लावा. ही राष्ट्रीय सायबर हेल्पलाइन आहे. लागला नाही तर पुन्हा पुन्हा लावा, आणि दुसऱ्या फोनवरून 'सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन' या संकेतस्थळावर तक्रार सुरू करा.
2. हातात हे तयार ठेवा: तुमची बँक आणि खाते क्रमांक, प्रत्येक व्यवहाराची तारीख, रक्कम आणि यूटीआर म्हणजे व्यवहार क्रमांक, पैसे ज्या खात्यात किंवा यूपीआयवर गेले त्याचा तपशील. शेवटचा व्यवहार सगळ्यात आधी सांगा, अडवण्याची शक्यता त्यातच जास्त असते.
3. तक्रारीचा पावती क्रमांक लिहून घ्या आणि संकेतस्थळावरची तक्रार त्याच दिवशी पूर्ण करा.
4. स्वतःच्या बँकेला लेखी कळवा. शाखेत गेलात तर अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि वेळ घ्या.
5. ग्रुप सोडू नका, अ‍ॅप काढू नका, पुरावा गोळा होईपर्यंत. चॅट बाहेर काढून ठेवा, अ‍ॅडमिनचे क्रमांक दिसतील असे स्क्रीनशॉट घ्या. त्यांना 'पोलिसांत जातो' असं सांगूही नका, पाच मिनिटांत सगळं पुसलं जातं.
6. स्क्रीन शेअर करणारं एखादं अ‍ॅप त्यांनी टाकायला लावलं असेल तर ते मात्र लगेच काढा आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला.

आणि चार दिवसांनी 'तुमचे पैसे परत मिळवून देतो' म्हणणारा वकील, सायबर तज्ज्ञ किंवा 'अधिकारी' फोन करेल. त्याला तुमचं नाव आणि बुडालेली रक्कम माहीत असेल, कारण यादी त्याच टोळीनं दिलेली किंवा विकलेली असते. फी आगाऊ मागितली की फोन ठेवा.

नंतरचे दिवस: कुठे दाद मिळते, कुठे नाही

*एफआयआर.* भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३नुसार गुन्हा कुठेही घडला असो, तुम्हाला कुठल्याही ठाण्यात माहिती देता येते. 'आमच्या हद्दीत नाही' हे उत्तर मान्य करू नका. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. प्रत मोफत मिळायला हवी. नोंदवून घेतलंच नाही तर पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तालयात लेखी पाठवा, तिथेही दाद नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. १९३०ची तक्रार म्हणजे आपोआप एफआयआर नव्हे. पुष्कळ लोक पावती क्रमांक घेऊन महिनोन् महिने वाट पाहत बसतात.

*अडवलेले पैसे.* खात्यात अडवलेली रक्कम आपोआप परत येत नाही. तपास अधिकाऱ्याकडून ती कुठे, किती अडवली आहे याचा तपशील घ्या आणि संहितेच्या कलम ५०३खाली न्यायालयात अर्ज करा. काही ठिकाणी लोकअदालतीतही असे आदेश निघालेत.

*बँक.* इथे एक गैरसमज दूर करायचाय. रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या परिपत्रकाप्रमाणे तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, हे तुम्ही वाचलं असेल. ते तुमच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांबद्दल आहे. गुंतवणुकीच्या फसवणुकीत पिन तुम्हीच टाकलेला असतो, त्यामुळे बँक हात वर करते. पण तुम्ही कळवल्यावर बँकेनं हलगर्जी केली असेल तर आधी बँकेकडे तक्रार, ३० दिवसांत समाधान नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. माहितीसाठी क्रमांक १४४४८.

*माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४६.* वकिलांनाही हे चटकन आठवत नाही. पाच कोटींपर्यंतच्या दाव्यांसाठी राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव हे न्यायनिर्णय अधिकारी असतात. बँकेनं केवायसीत किंवा सुरक्षेत कसूर केली असेल तर तिच्याकडून भरपाई मागता येते. रक्कम मोठी असेल तर हा रस्ता वकिलाकडून तपासून घ्या.

*सेबीचं 'स्कोर्स'.* इथली तक्रार नोंदणीकृत संस्थेविरुद्धच चालते. तिला २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि पुढे ऑनलाइन वाद निवारणासाठी 'स्मार्ट ओडीआर' आहे. परवाना नसलेल्यांची माहिती सेबीला जरूर कळवा, पण पैसे तिथून परत येतील अशी आशा धरू नका. परवानाधारकाकडे जाण्याचा खरा फायदा हाच, की भांडायला एक जागा असते.

*ठेवी बुडाल्या असतील तर.* ठरलेल्या व्याजाच्या नावानं पैसे गोळा केले असतील तर महाराष्ट्रात ठेवीदारांच्या हितरक्षणाचा १९९९चा एमपीआयडी कायदा आहे, गोव्यातही तशाच स्वरूपाचा कायदा आहे, आणि देशभरासाठी अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा २०१९चा कायदा. जानेवारी २०२५मध्ये दादरला 'टोरेस' या दागिन्यांच्या कंपनीच्या दुकानाबाहेर जमलेली फसलेल्या गुंतवणूकदारांची गर्दी तुम्ही टीव्हीवर पाहिली असेल. त्या प्रकरणात एमपीआयडीची कलमं लागली. या कायद्यात मालमत्ता जप्त करून विकून ठेवीदारांना वाटता येते. वेळ लागतो, आणि ज्यांची नावं यादीत नाहीत त्यांना काही मिळत नाही. म्हणून तक्रार नोंदवायला शेवटचे राहू नका. परवाना नसलेल्या ठेव योजनांबद्दल रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' संकेतस्थळावर फसण्याआधीही कळवता येतं.

*तुम्ही इतरांना आणलं असेल तर.* मेव्हण्याला, भिशीतल्या मैत्रिणींना जोडलं आणि त्यावर कमिशन घेतलं, अशी पत्रं येतात. अशा योजनेत लोकांना ओढणं हाही गुन्हा आहे. मिळालेलं कमिशन लपवू नका, वकिलाला विचारून स्वतःहून पोलिसांना सांगा.

वडिलांशी, आईशी बोलताना

'बाबा, तुम्हाला कितीदा सांगितलं' या वाक्यानं सुरुवात केलीत की पुढची माहिती बंद होते. काकांच्या मुलाला पाचपैकी दोनच हस्तांतरं माहीत होती. बाकीची काकांनी सांगितली नाहीत, कारण पहिल्या वेळी घरात आरडाओरडा झाला होता. म्हातारी माणसं हावरट म्हणून फसतात असं मला वाटत नाही. एफडीचं व्याज औषधांना पुरत नाही आणि दिवसभरात कुणी नीट बोलत नाही, ही दोन कारणं मी जास्त वेळा पाहिलीत. त्यांच्याबरोबर बसा, सेबीची यादी त्यांच्याच हातांनी उघडायला लावा, कॅस मागवा. अ‍ॅपमधले शेअर त्यात नाहीत हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की तुम्हाला फार बोलावं लागत नाही.

काकांनी १९३० लावला तेव्हा शेवटचे चार लाख पाठवून वीस तास उलटले होते. त्यातले एक लाख बारा हजार तिसऱ्या थरातल्या एका खात्यात सापडले आणि अडवले गेले. न्यायालयातल्या अर्जाची तारीख पुढच्या महिन्यात आहे. अ‍ॅप अजून फोनमध्ये ठेवलंय, पुरावा म्हणून. काका रोज सकाळी ते उघडून बघतात. परवा त्यात ४३ लाख झाले होते.